पार्किंग धरलं का?

लातुरात औसा रोडच्या आमच्या घरामागं परवापरवापर्यंत तुरीचं रान होतं. आता तिथं पत्र्याचं कुंपण आहे आणि चार टॉवरच्या चित्राचा बोर्ड. दोनशे फ्लॅट. मागच्या महिन्यात बिल्डरचा माणूस गल्लीतल्या मंदिरात आला, सगळ्यांना चहा पाजला आणि रंगीत पुस्तिका वाटली. चित्रात कारंजं होतं. शेजारच्या काकूंनी चष्मा लावून तेवढंच बघितलं आणि विचारलं, "पाणी कुठलं हो, भाऊ?"

तो हसला. आम्ही कुणी हसलो नाही. 12 एप्रिल 2016 ला मिरजेहून रेल्वे आली, दहा वाघिणींत पाच लाख लिटर पाणी घेऊन, तेव्हा आम्ही याच गल्लीत रिकाम्या घागरी मांडून बसलो होतो. मांजरा धरणाचा तळ उघडा पडला होता. पाणी भरायच्या ठिकाणी भांडणं नकोत म्हणून जमावबंदी होती.

माझी नोकरी पाणीपुरवठ्यात झाली, त्यामुळं त्या पुस्तिकेच्या मागच्या पानावरच मी हिशेब मांडला. शहरी पाणीयोजनेत माणशी रोज 135 लिटर धरतात. दोनशे घरं, घरटी पाच माणसं, म्हणजे रोज 1 लाख 35 हजार लिटर. दहा हजारांचे तेरा-चौदा टँकर. "छतावरचं पावसाचं पाणी साठवणार आहोत ना," तो म्हणाला. चारी गच्च्या मिळून 20 हजार चौरस फूट धरा, पाऊस 750 मिलिमीटर, पाचवा हिस्सा वाया. वर्षाचे 11 लाख लिटर होतात. आठ दिवसांचं पाणी! पुनर्भरण करूच नये असं नाही, ते कायद्यानंही लागतं. पण उरलेलं वर्ष बोअरवर.

इथं वर काळी माती, खाली मुरूम आणि त्याखाली पाषाण. पाषाण पाणी धरत नाही, पाणी असतं ते भेगांत. माझा बोअर 420 फुटांचा. त्याच भेगेला शेजाऱ्यानं खाली सातशे फुटांवर गाठलं की माझी मोटर हवा ओढणार.

वापरलेल्या पाण्याच्या पाच हिश्श्यांतल्या चारांचं सांडपाणी होतं, रोज लाखभर लिटर. त्यासाठी शुद्धीकरण केंद्र दाखवलंय. त्याचं वीजबिल दोन वर्षांनी सोसायटी भरणार का, हे मी विचारलं नाही. केंद्रं बंद कशी पडतात ते नोकरीत पाहिलंय. तळघरासाठी सुरुंग लावणार का, हे मात्र तिघांनी विचारलं. 30 सप्टेंबर 1993 ची भूकंपाची पहाट पाहिलेला माणूस भिंतीची चीर बोटानं चाचपतो.

आता कायद्याचं. 14 सप्टेंबर 2006 च्या केंद्राच्या अधिसूचनेप्रमाणं 20 हजार चौरस मीटर किंवा त्याहून जास्त बांधकामाला काम सुरू करण्याआधी पर्यावरण मंजुरी लागते. खाणीसाठी, मोठ्या कारखान्यासाठी जनसुनावणी असते. घरबांधणीला तिच्यातून सूट आहे. मला हे मुळातच पटत नाही. शेजाऱ्यांनी विचारलेलं कुठल्याच कागदावर येत नाही, मंदिरातल्या चहाबरोबर संपतं.

"आमचं अठरा हजारच भरतंय, मंजुरीचा प्रश्नच नाही," तो म्हणाला.

मी विचारलं, "पार्किंग धरलं का? जिने? तळघर?"

एफएसआय काढताना पार्किंग सोडतात. पर्यावरण मंजुरीसाठी मात्र छपराखालचं सगळं मोजतात, तळघरासकट. "विचारून सांगतो," एवढंच म्हणून त्यानं पुस्तिका गोळा केल्या.

पुण्यात वडगाव बुद्रुकच्या गोयल गंगा प्रकल्पाचं प्रकरण याच मोजणीवरून सर्वोच्च न्यायालयात गेलं. मंजुरी सुमारे 57 हजार चौरस मीटरची, बांधकाम लाखाच्या वर. 10 ऑगस्ट 2018 ला न्यायालयानं 100 कोटी किंवा प्रकल्पखर्चाच्या 10 टक्के, यातली जास्त असेल ती भरपाई भरायला लावली. लोक राहायला आलेल्या इमारती मात्र उभ्याच राहिल्या. त्या पाडून घर घेणाऱ्यांना कुठं पाठवणार?

म्हणून खड्डा खणायच्या आधी विचारायचं. आम्ही चार प्रश्न लिहून दिले: तळघरासह एकूण बांधकाम किती, पाणी कुठून, सांडपाणी कुठं, सुरुंग लावणार का. पोच घेतली. मंजुरी झालीच आणि ती पटली नाही, तर राष्ट्रीय हरित लवादाकडं 30 दिवसांत अपील करता येतं. पश्चिम विभागाचं खंडपीठ पुण्यात आहे.

तुमच्या घरामागं असा बोर्ड लागला असेल तर एक काम आजच करा. मोटर चार तास बंद ठेवा, सुतळीला नट बांधून बोअरमध्ये सोडा आणि पाणी किती फुटांवर आहे ते तारखेसह वहीत लिहा, दोन शेजाऱ्यांच्या सह्या घ्या. काम सुरू झाल्यावर घेतलेलं माप कुणी ऐकत नाही.