मशीन पाडायचं की नाही, हे ठरवायचं कुणी?

लिनक्स कर्नलमध्ये एलकेडीटीएम नावाचं एक मॉड्यूल आहे. सांगाल त्या पद्धतीने कर्नलला अडचणीत आणून दाखवायचं, एवढंच त्याचं काम. कामाच्या मशीनवर त्याच्या वाटेला जाऊ नये. मी ते क्यूईएमयूच्या व्हर्च्युअल मशीनमध्ये चालवलं.

त्याच्या फाइलीत आधी ‘वॉर्निंग’ लिहिलं. लॉगमध्ये ‘कट हिअर’ची तुटक रेघ उमटली. तिच्याखाली फाइलचं नाव, ओळीचा क्रमांक, रजिस्टर्समधल्या किमती आणि कुठल्या फंक्शनने कुणाला कॉल केलं त्याची यादी. शेल मात्र पुढच्या कमांडची वाट पाहत उभा. कर्नलला लागलेले डाग नोंदवणाऱ्या ‘टेंटेड’ या आकड्यात तेवढी ५१२ची भर पडली. हा डाग रीबूट केल्याशिवाय जात नाही.

मग ‘बग’ लिहिलं. एक्स८६वर अशा जागी यूडी२ ही मुद्दाम अवैध ठेवलेली इन्स्ट्रक्शन असते. प्रोसेसर तिथे अडतो, कर्नल ‘ऊप्स’ छापतो आणि ज्या प्रोसेससाठी काम चाललं होतं तिला मारून टाकतो. इथे बळी गेला तो माझ्या शेलचा. टेंटेडमध्ये आणखी १२८ जमा. मशीन चालू होतं, पण ते नशीब. मेलेल्या प्रोसेसच्या हाती एखादं लॉक असतं, तर ते सोडायला कुणी उरलं नसतं. त्यासाठी रांगेत असलेले सगळे ताटकळत राहिले असते. इंटरप्ट हाताळताना हेच घडलं, तर थेट पॅनिक, म्हणजे अख्खं मशीनच थांबतं.

ऑक्टोबर २०१६मध्ये ४.८ आवृत्ती निघाली आणि तिच्यात ऐनवेळी शिरलेल्या एका ‘बग-ऑन’ने, म्हणजे अट खरी निघाली की ‘बग’ करणाऱ्या तपासणीने, खुद्द लिनक्सचे जनक लिनस टॉरवाल्ड्स यांचं मशीन बंद पाडलं. ते चांगलेच भडकले. नवं बग-ऑन घालू नका, हा दंडक आता कर्नलच्या लेखननियमांतच आहे.

मग बिघडलेल्या स्थितीत मशीन रेटत राहायचं का? तेही नेहमी शहाणपणाचं नाही. डेटा खराब होण्यापेक्षा थांबलेलं बरं. म्हणून ईएक्सटी४ या फाइल सिस्टिममध्ये गडबड आढळली तर काय करायचं, हे माउंट करतानाच सांगता येतं : पुढे चालू ठेवायचं, फक्त वाचण्यापुरतं उघडं ठेवायचं, की पॅनिक. बग हुडकणारं सिझकॉलर तर ‘पॅनिक-ऑन-वॉर्न’ लावूनच चालतं. त्याला पहिल्याच इशाऱ्यावर मशीन पडलेलं हवं असतं. हजार सर्व्हर असलेल्याला एक पडला तरी चालतो. घरी एकच लॅपटॉप असलेल्याला निदान लॉग डिस्कवर उतरेपर्यंत तरी तो जिवंत हवा असतो.

तपासणी लिहिणाऱ्याला यातलं काहीच ठाऊक नसतं. म्हणून त्याने एकदाच इशारा देणारं वॉर्न-ऑन-वन्स वापरावं, म्हणजे लॉगमध्ये पूर येत नाही. अट खरी निघाली तर एरर कोड देऊन फंक्शनमधून बाहेर पडावं. मशीन पाडायचा निर्णय ज्याचं मशीन त्याने घ्यावा. त्यासाठीचं सेटिंग कर्नलमध्ये तयारच आहे.