सोळा वर्षांच्या पोराला सुट्टीत काम हवंय, पण मिळणार कुठे? राळेगणसिद्धी ते सुपा एमआयडीसी, नेमकं गणित काय?

दहावीचा शेवटचा पेपर होतो आणि राळेगणसिद्धीसारख्या गावात चार दिवसांत तोच संवाद घरोघरी सुरू होतो. "दोन महिने नुसता मोबाईलच बघत बसणार का? कुठंतरी कामाला लाग." त्यावर पोरगं म्हणतं, "लागतो की. पण कुठं?"

पोराचा प्रश्न बरोबर आहे. राळेगण पुणे-अहिल्यानगर महामार्गापासून थोडं आत. महामार्गाला लागून नगरच्या दिशेने गेलात की सुप्याची एमआयडीसी, पुण्याच्या दिशेने शिरूर ओलांडलं की रांजणगावची. एवढ्या कंपन्या आजूबाजूला असताना पोराला महिनाभराचं काम मिळू नये, हे आईवडिलांना पटत नाही. पण त्या गेटवरची रांग बघा. आयटीआय झालेले, डिप्लोमावाले, पदवी घेऊन दोन वर्षं थांबलेले आणि परराज्यातून आलेले अनुभवी कामगार, सगळे तिथेच उभे आहेत. त्यात दहावीचा निकालही न लागलेला पोरगा कुठे बसणार?

तशी अर्ध्या वयात कमवायला लागण्याची गोष्ट या गावाला नवी नाही. अण्णा हजारे भिंगारला जन्मले, घर राळेगणला आलं, शिक्षणासाठी नातेवाइकांनी त्यांना मुंबईला नेलं. सातवीपर्यंत शाळा झाली, पुढे परिस्थितीमुळे थांबली आणि त्यांनी दादरला फुलं विकायला सुरुवात केली. त्या काळात किशोरवयीन मुलाला कामावर ठेवताना कुणी जन्मदाखला बघत नसे. आज बघावा लागतो, आणि तो बघणं पोराच्याच हिताचं आहे.

कायदा काय म्हणतो?

मुख्य कायदा १९८६ चा. २०१६ मध्ये त्यात मोठी दुरुस्ती झाली. त्यानुसार १४ वर्षांखालच्या मुलाला कामावर ठेवायला बंदी आहे. घरच्या शेतीत किंवा घरच्या धंद्यात शाळा सांभाळून, धोका नसलेली मदत केली तर चालते. १४ पूर्ण झालेल्यांना १८ पर्यंत 'किशोर' धरतात. त्यांना काम करता येतं, पण खाणी, ज्वालाग्राही पदार्थ, स्फोटकं आणि धोकादायक प्रक्रिया असलेली ठिकाणं पूर्ण बंद. दिवाळीत फटाक्यांच्या स्टॉलवर पोरांना सर्रास उभं करतात, तेही यात बसत नाही. नियम मोडणाऱ्या मालकाला सहा महिने ते दोन वर्षं कैद, २० ते ५० हजार रुपये दंड, किंवा दोन्ही होऊ शकतं.

आता वेळेचे नियम, कारण खरी गोम इथे आहे. किशोराचं काम मधल्या सुट्टीसकट दिवसाला सहा तासांच्या वर जाता कामा नये. सलग तीन तास झाले की किमान एक तास विश्रांती. म्हणजे हातात उरले पाच तास. संध्याकाळी ७ ते सकाळी ८ काम नाही. ओव्हरटाइम नाही. एकाच दिवशी दोन ठिकाणी काम नाही. आठवड्याची सुट्टी हवी. मालकाने अशा मुलांची नोंदवही ठेवायची असते.

हे पाच तास घेऊन सुप्याच्या गेटवर गेलात तर काय होईल? तिथे पाळी आठ तासांची, आणि ती रात्रीचीही असते. पाच तासांसाठी कुणी स्वतंत्र माणूस ठेवत नाही. थोडक्यात, मोठ्या कंपनीतलं 'पार्ट टाइम' काम सोळा वर्षांच्या मुलासाठी जवळजवळ नाहीच. त्यामागे लागून सुट्टी वाया घालवू नये.

मग काही जण पळवाट काढतात. थोरल्या भावाच्या किंवा चुलतभावाच्या आधारची झेरॉक्स ठेकेदाराकडे द्यायची आणि त्याच्या नावावर कामाला जायचं. महिना भरतो, पैसे मिळतात, कुणाला कळत नाही. पण मशीनमध्ये बोट सापडलं तर? कागदावर थोरला भाऊ जखमी झालेला असतो. ईएसआय असो, विमा असो की नुकसानभरपाई, सगळं त्या कागदावर चालतं. दवाखान्याचं बिल मात्र खऱ्या बोटाचं येतं. ही झेरॉक्स देऊ नका. 'सगळेच देतात' असं ठेकेदार म्हणाला तरी देऊ नका.

दुसरी पळवाट वडिलांच्या मोटारसायकलची. पार्सल पोचवायचं काम सोपं वाटतं. पण १६ ते १८ वयात परवाना मिळतो तो फक्त ५० सीसीपर्यंतच्या बिनगिअरच्या गाडीचा. आपल्या घरासमोर उभ्या असलेल्या स्कूटी १००-१२५ सीसीच्या असतात, त्या यात येत नाहीत. २०१९ च्या दुरुस्तीनंतर अल्पवयीन मुलाने गाडी चालवताना गुन्हा केला तर पालकाला किंवा गाडीमालकाला तीन वर्षांपर्यंत कैद आणि २५ हजार रुपये दंडाची तरतूद आहे. गाडीची नोंदणी वर्षभरासाठी रद्द होते आणि त्या मुलाला २५ वर्षांचा होईपर्यंत परवाना मिळत नाही. महिन्याच्या चार-पाच हजारांसाठी हा सौदा परवडतो का, ते बघा.

मग काम आहे तरी कुठे?

जिथे रांग नाही तिथे. सोळा वर्षांच्या मुलाकडे अनुभव नसतो, पण दोन गोष्टी असतात: गाव त्याला ओळखतं आणि फोन त्याच्या हातात खेळतो. या दोन गोष्टींची गरज कुणाला आहे, ते शोधायचं.

मे-जूनचंच घ्या. अकरावीचे प्रवेश २०२५ पासून राज्यभर ऑनलाइन झाले. निकाल लागला की महा ई-सेवा केंद्रात गर्दी उसळते. उत्पन्नाचा दाखला, जातीचा दाखला, प्रवेशाचा अर्ज, सगळं एकाच वेळी. केंद्र चालवणाऱ्याला त्या महिन्यात टाइप करणारा, कागद स्कॅन करणारा, रांगेतल्या माणसाला 'मावशी, फोटो राहिला तुमचा' असं सांगणारा एक हात हवा असतो. काम दिवसाचं, सावलीतलं, पाच तासांत बसणारं. शिवाय हे काम शिकलेला मुलगा पुढच्या वर्षी पुन्हा बोलावला जातो.

शेतीचं काम तर आहेच. पारनेर तालुक्यात उन्हाळ कांद्याची काढणी साधारण परीक्षा संपता संपता चालू असते. काढणी, कापणी, प्रतवारी, चाळीत भरणं. घरच्या रानात किंवा सावडीने केलेलं काम वेगळं. पण दुसऱ्याच्या रानात रोजाने जायचं तर उन्हाचा आणि वजनाचा विचार करा. गोणी उचलण्यापेक्षा प्रतवारी आणि वजनाच्या नोंदी ही कामं या वयाला बरी. पैसे रोजाने की उक्ते, हे रानात उतरण्याआधी ठरवून घ्या. नंतर ठरवायला गेलं की नात्यात वाकडं येतं.

दूध संकलन केंद्राचं नाव बरेच जण सुचवतात. संगणकावर फॅट आणि लिटरच्या नोंदी करणं मुलांना सहज जमतं. अडचण वेळेची. सकाळचं संकलन आठच्या आत उरकतं. घरचं केंद्र असेल तर तासांचे हे नियम लागू होत नाहीत, पण दुसऱ्याच्या केंद्रात पहाटेचं काम बसत नाही. तिथे दुपारचे हिशेब, बिलं, पशुखाद्याच्या विक्रीच्या नोंदी असं काम मागता येतं.

शिकवणी हा पर्याय मुलींनी विशेष लक्षात ठेवावा, असं आमचं मत. तिसरी-चौथीच्या पाच-सहा पोरांना रोज दीड तास गणित आणि वाचन. भांडवल शून्य, जागा घरचा ओटा. मुलीला कामाला 'बाहेर' पाठवायला घर तयार नसतं, ही खरी अडचण आहे आणि ती भाषणाने सुटत नाही. पहिलं काम ओट्यावर झालं, फी वेळेवर जमा झाली, की पारनेरच्या दुकानात किंवा दवाखान्याच्या काउंटरवर पाठवायला घर थोडं सैल होतं. एसटीत महिलांना २०२३ पासून अर्धं तिकीट आहे, त्यामुळे जाण्यायेण्यात कमाई संपत नाही.

काम मागायचं कसं?

'काम आहे का?' असं विचारलं की उत्तर 'नाही' येतं. कारण मालकाला त्या क्षणी विचार करायचा नसतो. त्याऐवजी पोराने सांगावं, 'दहावीची परीक्षा दिली आहे, १५ जूनपर्यंत मोकळा आहे, रोज ११ ते ४ येऊ शकतो, एक्सेलमध्ये हिशेब मांडता येतो, आधी आठ दिवस बघा.' यात मालकाला हवी ती सगळी माहिती आली. एका कागदावर नाव, वय, येत असलेली कामं आणि शाळेतल्या एका शिक्षकांचा हवाला (त्यांना आधी विचारून) लिहून न्यावा.

आईवडिलांनी जागा एकदा जाऊन बघावी. पण बोलणं पोराने करावं. बाप पुढे आणि पोरगं मागे मान खाली घालून उभं, असं दिसलं की मालक मनात ठरवतो की कामाची हौस बापाला आहे.

पैसे आठवड्याला घ्यावेत आणि वहीत लिहावेत. तारीख, तास, मिळाले किती. 'महिना झाल्यावर एकदम देतो' म्हणणाऱ्याकडे पहिला महिना कठीण जातो. काही ठिकाणी मुलांकडून 'सहा महिने सोडणार नाही' असा बॉण्ड लिहून घेतात. १८ वर्षांखालच्या व्यक्तीने केलेला करार आपल्याकडे कायद्याने मुळातच रद्दबातल आहे, तेव्हा अशा कागदाने मूल बांधलं जात नाही. तरीही सही करू नये. असा कागद पुढे करणारा माणूस पुढे काय करेल, याची ती झलक असते.

मोबाईलवरचं 'घरबसल्या काम'

व्हिडिओला लाइक करा आणि रोज दोन हजार कमवा. सुरुवातीला शे-दोनशे खरंच येतात, मग 'प्रीमियम टास्क'साठी पैसे भरायला सांगतात, आणि भरलेले परत येत नाहीत. काम देणारा पैसे मागत असेल, मग नाव रजिस्ट्रेशनचं असो की गणवेशाचं, तिथून उठायचं.

याहून वाईट प्रकार खातं 'भाड्याने' देण्याचा. 'तुझ्या खात्यात पैसे येतील, तू पुढे पाठव, हजार तुला.' ते पैसे बहुतेक कुणाच्या तरी फसवणुकीचे असतात आणि पोलीस माग काढत पहिल्यांदा खातेदाराच्या दारात येतात. फसवणूक झाली तर लगेच १९३० वर फोन करा, जितका उशीर तितके पैसे हाताबाहेर. आणि कामाच्या जागी मुलाला राबवलं जात असेल, मारहाण होत असेल, तर १०९८ ही चाइल्ड हेल्पलाइन आहे.

सतरा-अठराव्या वर्षी काय बदलतं?

बरंच काही. नगर जिल्ह्यातली बहुतेक पदवी महाविद्यालयं सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठाखाली येतात आणि विद्यापीठाची 'कर्मवीर भाऊराव पाटील कमवा व शिका योजना' आहे. विद्यार्थी ग्रंथालय, कार्यालय, बाग, प्रयोगशाळा इथे तासांवर काम करतात आणि तासाप्रमाणे मानधन मिळतं. नाव भाऊरावांचं का? कारण १९१९ मध्ये रयत शिक्षण संस्था काढल्यापासून, श्रम करून शिका, हा त्यांचा आग्रह होता, आणि १९४७ मध्ये साताऱ्याला सुरू झालेल्या छत्रपती शिवाजी कॉलेजात तो प्रत्यक्ष चालवून दाखवला गेला. प्रवेश घेतानाच विद्यार्थी विकास विभागात या योजनेची चौकशी करावी. जागा मर्यादित असतात आणि अनेकांना फलक लागल्यावर कळतं.

शिकाऊ उमेदवारी १४ व्या वर्षापासून घेता येते, धोकादायक उद्योगांत १८ लागतात. त्यामुळे सुप्यात शिरायचंच असेल तर आयटीआय करून शिकाऊ उमेदवार म्हणून जाणं हा सरळ रस्ता आहे. २०२४ मध्ये राज्याने सुरू केलेली मुख्यमंत्री युवा कार्य प्रशिक्षण योजनाही १८ ते ३५ वयासाठीच. त्यात बारावीला ६ हजार, आयटीआय-डिप्लोमाला ८ हजार आणि पदवीला १० हजार रुपये महिना विद्यावेतन ठरवलं गेलं.

तोवर एक काम आजच करून टाका. पोराच्या स्वतःच्या नावाने बँकेत बचत खातं. दहा वर्षांवरच्या मुलाला ते स्वतः चालवता येतं, मात्र बँक मर्यादा घालून देते. पहिल्या आठवड्याचे पैसे त्याच्या खात्यात पडू द्या, आणि पासबुक त्याच्याकडेच राहू द्या.