टॅब अडकला तर काय करावे?

टॅब हे यंत्र आता आपल्या भागात नवे राहिलेले नाही. पिंपरी-चिंचवडच्या वसाहतींत, चाकण-म्हाळुंग्याच्या भाड्याच्या खोल्यांत, आसपासच्या वाड्यावस्त्यांवर पुष्कळ घरी तो दिसतो. दिसायला पाटीसारखा, हातात धरायचाही पाटीसारखाच. पाटीवर पेन्सिल चालते, इथे बोट चालते. मुले त्यावर धडे ऐकतात, गणिते सोडवितात. इंजिनियरिंगच्या व डॉक्टरीच्या प्रवेश परीक्षेची तयारी करणाऱ्या इतर मागासवर्गातील मुलांना 'महाज्योती' ही सरकारी संस्था असे टॅब देत आली आहे.

असा टॅब एखाद्या दिवशी एकाएकी गप्प बसतो. चित्र दिसते, पण हलत नाही. बोट लावा, टिचकी मारा, काही होत नाही. याला सगळे 'हँग झाला' म्हणतात. मग घरात धावपळ होते. कोणी पाठीवर चापट मारतो, कोणी जोरजोराने काच दाबतो, कोणी लागलीच दुकान गाठतो. एवढी घाई करू नका. बहुतेक वेळा टॅब मोडलेला नसतो. तो अडकलेला असतो.

अडकतो म्हणजे काय, ते चाकणच्या कांद्यावरून सांगतो. शेतकऱ्याचा कांदा घरी चाळीत असतो. विकायचा तेवढा टेंपोत भरून तो बाजाराच्या आवारात आणतो. तिथे मोजमाप, लिलाव, सगळा व्यवहार होतो. टॅबातही अशाच दोन जागा आहेत. फोटो, पुस्तके, धडे जिथे कायमचे राहतात ती टॅबाची चाळ. तिला 'स्टोअरेज' म्हणतात. चालू काम ज्या जागेवर होते ते टॅबाचे आवार. त्याला 'रॅम' म्हणतात. एका वेळी दहा कामे उघडली की आवारात टेंपोला टेंपो लागतो. मागचा पुढे जाईना, पुढचा मागे येईना. संध्याकाळी तळेगाव चौकात गाड्या कशा अडतात, ते चाकणकरांना सांगायला नको!

बटण दाबून टॅब बंद करून पुन्हा चालू केला, की हे आवार झाडून मोकळे होते. चाळीतला कांदा मात्र जागच्या जागी राहतो. ही गोष्ट नीट ध्यानात घ्या. बंद-चालू करण्याने फोटो जात नाहीत, धडे जात नाहीत. त्या क्षणी लिहीत असलेले, पण अजून साठविलेले नसलेले, तेवढे जाईल.

आवार लहान असले की टॅब लवकर अडकतो. ५ ऑक्टोबर २०११ रोजी दिल्लीत 'आकाश' नावाचा स्वस्त टॅब विद्यार्थ्यांसाठी निघाला. त्याची रॅम होती २५६ एमबी. तो फार सावकाश चालतो अशी तक्रार झाली. पुढे या कामाची जबाबदारी मुंबईतील पवईच्या आय.आय.टी.कडे आली आणि नोव्हेंबर २०१२ मध्ये दुसरा आकाश निघाला. त्यात रॅम दुप्पट केली होती. आज चार जीबी रॅमचा टॅब साधाच समजतात. चार जीबी म्हणजे पहिल्या आकाशच्या सोळापट. तरीही टॅब अडकतातच, कारण आवार वाढले तशी गर्दीही वाढली.

आणि हे फक्त आपल्याच टॅबाचे होते असे समजू नका. ४ जुलै १९९७ रोजी अमेरिकेचे 'पाथफाइंडर' नावाचे यान मंगळावर उतरले. त्याचा संगणक मधूनमधून आपणहून बंद होऊन पुन्हा चालू होऊ लागला. यानात एक पहारेकरी बसविलेला होता, म्हणजे माणूस नव्हे, यंत्रातलीच एक व्यवस्था. निकडीचे काम वेळेत झाले नाही की तो सगळा संगणक पुन्हा चालू करी. इंजिनियरांनी पृथ्वीवर बसून कारण शोधले. विहिरीवर पोहरा एकच. तो एका पोराच्या हाती. पोराला मधलीच माणसे दुसऱ्या कामाला लावतात, आणि ज्याच्या घरी आग लागली आहे तो पोहऱ्याची वाट बघत उभा. तसाच तो घोटाळा होता. इंजिनियरांनी पृथ्वीवरूनच दुरुस्ती पाठविली आणि यान सुरळीत चालले.

आता आपल्या टॅबाकडे वळू. प्रथम चार्जर काढा आणि दोन मिनिटे थांबा. खराब चार्जरमुळेही काच वेड्यासारखी वागते. बोट न लावता अक्षरे उमटतात, किंवा बोट लावूनही उमटत नाहीत. मग हात धुऊन कोरडे करा, काच मऊ कोरड्या फडक्याने पुसा. या काचेवर विजेचा अगदी सूक्ष्म भार असतो. आपल्या अंगातून वीज वाहते, म्हणून बोट टेकले की तेथला भार बदलतो, आणि बोट कुठे आहे ते टॅबाला कळते. सुती हातमोजा किंवा पेनचे टोपण लावले तर बहुधा कळत नाही. पाण्याचा थेंब पडला तर तो भलतेच समजतो. कारखान्यातून आलेल्या हाताला तेल असते, कधी लोखंडाचा बारीक कीसही असतो. त्या हाताने टॅब घेऊ नये. कीस चार्जरच्या भोकात गेला तर निराळेच दुखणे सुरू होते.

एवढ्याने भागले नाही तर कडेचे चालू-बंदचे बटण दाबून धरा. नुसते दाबून सोडू नका, धरून ठेवा. मनात सावकाश पंधरापर्यंत मोजा. काही टॅबांना तीसपर्यंत मोजावे लागते. सॅमसंगच्या टॅबात या बटणाबरोबर आवाज कमी करायचे बटणही धरावे लागते. अ‍ॅपलच्या टॅबाची रीत वेगळी आहे. खाली गोल बटण असेल तर ते आणि वरचे बटण दोन्ही एकदम धरा. गोल बटण नसेल तर आवाजाच्या दोन बटणांपैकी वरच्या बटणाजवळचे आधी दाबून सोडा, मग दुसरे दाबून सोडा, आणि मग वरचे बटण धरून ठेवा. सफरचंदाची खूण दिसली की सोडा. पडदा काळा होऊन कंपनीचे नाव आले, की काम झाले.

पडदा काळाच राहिला तर बॅटरी पार उतरली असेल. चांगला चार्जर लावून अर्धा तास तसाच राहू द्या. पहिली काही मिनिटे काही दिसणार नाही, म्हणून लगेच काढू नका.

टॅब हाताला चटका बसेल इतका तापला असेल तर सावलीत ठेवा. चैत्र-वैशाखात पत्र्याच्या खोलीत असे फार होते. फ्रीजमध्ये मात्र ठेवू नये, आत पाणी धरते. पाठ फुगली असेल किंवा काच उचलली गेली असेल तर बॅटरी बिघडली आहे. ती पेट घेऊ शकते. असा टॅब चार्जिंगला लावू नका, दाबू नका, टोचू नका. सरळ कंपनीच्या दुरुस्ती केंद्रात न्या.

रोजच्या रोज अडकत असेल तर चाळ भरली आहे का ते पाहा. नको असलेले व्हिडिओ काढून टाका. नव्याने घातलेल्या एखाद्या ॲपनंतर त्रास सुरू झाला असेल तर ते ॲप काढा.

आमच्या माहितीतल्या एका घरची हकीकत सांगतो. बाप कारखान्यात पाळीवर जातो, मुलगी बारावीला. परीक्षेला तीन आठवडे राहिले आणि टॅब अडकला. बाप पाळी सुटताच थेट दुकानात गेला. दुकानदाराने टॅब 'फॉरमॅट' केला. टॅब चालू झाला खरा, पण मुलीने दोन वर्षे जमविलेली टिपणे, फळ्याचे फोटो, सोडविलेली गणिते, सारे पुसले गेले. नुसते बटण धरून काम झाले असते की नाही, हे आता कोणी सांगू शकत नाही. ते कोणी धरून पाहिलेच नव्हते.

फॉरमॅट म्हणजे आवार झाडणे नव्हे, तर चाळच रिकामी करणे. कधी कधी ते करावेच लागते, नाही असे नाही. पण दुकानदाराला आधी विचारा, "आतले सगळे जाणार का? आधी काढून ठेवता येईल का?" टॅबात मेमरी कार्ड असेल तर ते काढून आपल्या खिशात ठेवा. फॉरमॅट झाल्यावर पुष्कळ टॅब जुन्या गुगल खात्याचा पासवर्ड विचारतात. तो आठवला नाही तर चालू झालेला टॅबही उघडत नाही. म्हणून ते खाते आणि पासवर्ड आजच मुलांकडून एका वहीत लिहून घ्या, आणि ती वही रेशनकार्डाजवळ ठेवा.