मिरवणूक आडवी आली तर?

महालक्ष्म्या उठल्या, सवाष्णी जेवून गेल्या, मोठी पातेली घासून माळ्यावर चढली की आपण बायका हुश्श करतो. पण घर चालवणारीच्या दृष्टीने खरी अडचणीची रात्र पुढेच असते, अनंत चतुर्दशीची. त्या रात्री गावाचे दोन तुकडे होतात. मिरवणुकीच्या अलीकडचे आणि पलीकडचे.

दोन-तीन दिवस आधी पेपरात आतल्या पानावर पोलिसांचं जाहीर प्रकटन येतं. अमुक चौक ते तमुक चौक वाहतूक बंद, वाहनांनी अमक्या पर्यायी मार्गाने जावं. खाली कायद्याचं कलम असतं, बहुधा १९५१ च्या महाराष्ट्र पोलीस कायद्याचं ३३ वं. घरातले पुरुष ते वाचतात आणि म्हणतात, "बरं झालं, गाडी बायपासने काढीन." झालं, पेपर घडी होऊन रद्दीत!

ते प्रकटन चुकीचं नसतं, पण ते लिहिलेलं असतं चाकांसाठी. धुळे-सोलापूर महामार्गावरून येणाऱ्या ट्रकला त्यातून वाट सापडते. पोराला शिकवणीहून आणायला निघालेल्या आईला, संध्याकाळची गोळी संपलेल्या सासूबाईंना त्यात काहीच सापडत नाही. रस्ता कुठे बंद हे कळतं, पण पायी माणसानं तो ओलांडायचा कुठून, हे कुणीच लिहीत नाही.

बीडकर बायकांना अलीकडे-पलीकडे ही भाषा नवी नाही. बिंदुसरा गावाच्या मधून वाहते. एका अंगाला पेठ बीड, दुसऱ्या अंगाला बसस्थानक आणि मोठा बाजार. जायचं-यायचं ते पुलांवरून. १९८९ चा पूर ज्यांनी पाहिला त्या बायकांना विचारा, पाणी चढायला लागलं की पहिला प्रश्न काय असतो? आपलं माणूस कोणत्या काठाला आहे? मिरवणुकीचंही तेच आहे. फरक एवढाच, की नदी सांगून येत नाही आणि मिरवणुकीची तारीख कालनिर्णयवर वर्षभर आधी छापलेली असते.

आमच्या गल्लीत काही वर्षांपूर्वी घडलेली गोष्ट सांगते. शेजारच्या काकूंची लेक पहिल्या बाळंतपणाला माहेरी आली होती. दिवस भरलेले. ज्या दवाखान्यात नाव घातलं होतं तो घरापासून दहा मिनिटांवर, पण मिरवणुकीच्या रस्त्यापलीकडे. विसर्जनाच्या रात्री साडेनऊला कळा सुरू झाल्या. रिक्षा काढली. पहिल्या बांबूपाशी शिपाई म्हणाला, "पुढच्या चौकातून सोडतील." पुढच्या चौकातला म्हणाला, "इथून नाही, मागून जा." तिसऱ्यानं पुन्हा पहिल्याकडे बोट दाखवलं. पाऊण तास गेला. शेवटी काकूच रिक्षातून उतरल्या आणि ढोलपथकाभोवती दोरी धरून चालणाऱ्या एका पोराचा हात धरला. त्यानं मात्र कमाल केली. शिट्टी फुंकली, दोन मंडळांमध्ये दोरीनं गल्ली केली, मांडवातली खुर्ची आणून चार पोरांनी लेकीला उचलून पलीकडे नेलं. "मावशी, दोरी सोडू नका," एवढंच तो बोलला. मुलगी झाली, दोघी सुखरूप आहेत.

काकू अजून त्या शिपायांना बोल लावतात. मला तसं वाटत नाही. ज्याला त्याला आपापला चौक सांभाळायला सांगितलेलं होतं. ओलांडायची वाट कोणत्या चौकात ठेवली आहे, हे एका कागदावर कुणाच्याच हातात नव्हतं. कदाचित ती कुठे ठेवलेलीच नसेल.

पालखीच्या वेळी एवढा घोर लागत नाही. आषाढीला शेगावची गजानन महाराजांची पालखी परळी, अंबाजोगाईवरून जाते. वारकरी ओळीनं चालतात, पाहता पाहता पुढे निघून जातात. दर्शन घ्यावं, घटकाभर थांबावं, रस्ता मोकळा. विसर्जनाची मिरवणूक जागेवरच नाचते, त्यामुळे "जरा थांबू, जाईल पुढे" हा हिशेब तिथे लागू पडत नाही.

पुण्याला लेकीकडे, नणंदेकडे गणपतीला जाणाऱ्या बऱ्याच जणी आहेत, म्हणून तिथलं थोडं सविस्तर सांगते. मिरवणूक मंडईपाशी टिळकांच्या पुतळ्याजवळून सकाळी निघते, पुढे मानाचे पाच गणपती, आणि अलीकडे तिला पूर्ण व्हायला २४ तासांहून जास्त लागतात. लक्ष्मी रस्ता, कुमठेकर रस्ता, टिळक रस्ता, केळकर रस्ता, चारही रस्त्यांनी गणपती येतात आणि अलका टॉकीजच्या चौकात एकत्र होतात. नकाशा समोर धरून पाहा. नारायण पेठेतलं घर एका बाजूला केळकर रस्ता आणि दुसऱ्या बाजूला लक्ष्मी रस्ता, असं दोन मिरवणुकांच्या मध्ये बेटासारखं उरतं. तिथून सदाशिव पेठेत जायचं म्हणजे लक्ष्मी रस्ता ओलांडणं आलंच. पोलीस दरवर्षी वाहनांसाठी बाहेरून वळसा ठरवून देतात, त्याला रिंगरोड म्हणतात. नळ स्टॉप, लॉ कॉलेज रस्ता, सेनापती बापट रस्ता असा तो फिरतो. गाडीवाल्यांची सोय झाली, पेठेतल्या पायी माणसाचं काय? तर २९ सप्टेंबर २०२४ ला जिल्हा न्यायालय ते स्वारगेट ही जमिनीखालची मेट्रो सुरू झाली आणि पायी माणसाला प्रथमच मिरवणुकीच्या पोटाखालून जायची वाट मिळाली. कसबा पेठ स्थानकात उतरायचं, मंडईला किंवा स्वारगेटला वर यायचं. २०२५ च्या विसर्जनाला ती रात्रभर चालू होती.

मुंबईत २००४ पासून मॅरेथॉन धावते, तेव्हाही पहाटेपासून रस्ते बंद असतात. लंडनची मॅरेथॉन १९८१ पासूनची. तिथे कोणता रस्ता कधी बंद, कधी खुला आणि पायी माणसानं कुठून ओलांडावा, हे आयोजक आधीच जाहीर करतात. एवढं मोठं शहर ते करू शकतं, तर आपल्या दोन-तीन मैलांच्या मिरवणुकीला ते अवघड का असावं?

तोवर आपला नकाशा आपणच करावा. वहीचा मधला जोडपानी कागद घ्या. आधी नदी नाहीतर रेल्वे काढा, कारण ती पूल आणि फाटक सोडून कुठेच ओलांडता येत नाही. मग प्रकटनातला मार्ग लाल पेन्सिलीनं. मग आपलं घर, दवाखाना, रात्री उघडं असणारं औषधांचं दुकान, शिकवणीचा वर्ग, आईचं घर. यातलं काय लाल रेघेच्या पलीकडे पडतं, तेवढ्यापुरताच विचार करायचा. मुलांना हे काम द्या, आवडीनं करतात. (मोबाईलवर नकाशा असतोच की, असं थोरला म्हणेल. असू द्या. त्या गर्दीत मोबाईलला रेंज मिळेलच याची खात्री नाही.)

रेघेपलीकडे जे आहे ते दुपारीच अलीकडे आणायचं. दूध, औषध, वाफाऱ्याचं यंत्र. माणूस असेल तर माणूससुद्धा. दिवस भरलेल्या लेकीला त्या रात्रीपुरतं दवाखान्याच्या बाजूच्या नातेवाइकांकडे नेऊन ठेवावं. आपल्या आज्या पावसाळ्यात नदीकाठी हेच करत होत्या.

आणि रात्री निघायची वेळ आलीच तर रिक्षाच्या मागे लागू नये, १०८ ला फोन करावा. बंदीच्या प्रकटनात रुग्णवाहिकेला बहुधा सूट दिलेली असते, आत रुग्ण असलेल्या रिक्षाचं नाव मात्र त्यात नसतं. ही १०८ ची सेवा महाराष्ट्रात २०१४ पासून आहे आणि तिला पैसे पडत नाहीत. रुग्णवाहिकेला वाट न देणाऱ्याला मोटार वाहन कायद्यातल्या २०१९ च्या दुरुस्तीनं १०,००० रुपयांपर्यंत दंड आहे, हे मंडळाच्या पोरांनाही सांगून ठेवावं.

सणाआधी पोलीस ठाण्यात शांतता समितीची बैठक होते. तिथे ध्वनिक्षेपक, वेळ, मिरवणुकीचा क्रम यावर बोलणं होतं. बायका त्या बैठकीला क्वचितच दिसतात. आपल्या भिशीतल्या, भजनी मंडळातल्या चौघींनी जावं आणि एकच मागणी करावी. दर अमुक चौकात ओलांडायची वाट ठेवा, तिथे दोरी आणि दोन माणसं उभी करा, आणि ते चौक प्रकटनात छापा. माणसं मंडळांचीच मिळतील, त्या पोरांना नुसतं सांगायची खोटी असते. जाताना आपला लाल रेघेचा कागद बरोबर न्या. तोंडी सांगण्यापेक्षा कागद टेबलावर ठेवला की साहेबलोक लवकर ऐकतात.

सण झाल्यावर तो कागद फेकू नका. रस्ता खरोखर किती वाजता बंद झाला आणि किती वाजता उघडला, तेवढं त्याच्या कोपऱ्यात लिहून ठेवा आणि पंचांगात सारून द्या. नवरात्रात देवीच्या मिरवणुकीला तोच काढायचा आहे.