कोणत्या बोर्डात बसणार?

शिवाजीनगर म्हटले की मराठी माणसाला पुण्याचे एसटी स्टँड आठवते. बंगळुरूचे शिवाजीनगर निराळे. रसेल मार्केटचा गलबला, सेंट मेरी बॅसिलिकाचा उंच मनोरा, शहराच्या चारी दिशांना बस सोडणारे स्थानक, आणि त्यामागच्या गल्ल्यांत मोडक्या वस्तूंना पुन्हा कामाला लावणारी दुकाने. अशाच एका दुकानात माझ्या जुन्या कॉम्प्युटरचा पंखा बदलत असताना तिथल्या चाचांनी मला बिस्किटांचा एक पत्र्याचा डबा दाखवला. आत जुने प्रोसेसर होते. त्यांनी दोन उचलून काचेवर ठेवले. एक इंटेलचा पेन्टियम, दुसरा एएमडीचा के6. दोन्हींच्या पोटाखाली सोनेरी पिनांची दाट चौकट. के6च्या पाठीवर कंपनीच्या नावाबरोबर विंडोज 95चे झेंड्याचे चिन्ह कोरलेले.

यातला चांगला कोणता, असे मी विचारले. चाचा म्हणाले, "पैले ये देखना साब, कौनसे बोर्ड में बैठता." मग त्यांनी एक धुळकट मदरबोर्ड ओढला आणि दोन्ही प्रोसेसर आळीपाळीने एकाच सॉकेटवर टेकवून दाखवले. दोन्ही बसत होते.

भारताचा एक प्रोसेसर येऊ घातला आहे. त्याचे नाव औम. पुण्याच्या सी-डॅकने, म्हणजे प्रगत संगणन विकास केंद्राने, महासंगणकांसाठी तो आखला आहे. इंटेल आणि एएमडी यांच्यापुढे त्याचा निभाव लागेल का, असे मला बरेच जण विचारतात. त्या दुकानातून बाहेर पडताना मला वाटले, खरा प्रश्न चाचांनी विचारला आहे.

पुण्यात जन्मलेला माणूस आणि दोन चिप

काचेवरच्या त्या दोन्ही चिपांमागे एक माणूस समान आहे. विनोद धाम. जन्म 1950चा, पुण्यातला. दिल्लीत इंजिनिअर होऊन ते अमेरिकेत गेले, इंटेलमध्ये रुजू झाले आणि पेन्टियमच्या निर्मितीचे नेतृत्व त्यांनी केले. 1993 साली बाजारात आलेल्या पेन्टियममध्ये 31 लाख ट्रान्झिस्टर होते. जगभरच्या टेबलांवर तोच दिसू लागला. पुढे धाम यांनी इंटेल सोडली आणि नेक्सजेन नावाच्या छोट्या कंपनीत गेले. ती कंपनी एएमडीने विकत घेतली आणि तिच्याच आराखड्यातून 1997 साली के6 आला. पेन्टियम घडवणारा माणूस आता पेन्टियमच्या समोरच्या बाजूला उभा होता.

के6 वेगवान होता, पण केवळ वेगावर तो तगला नसता. तो पेन्टियमच्याच सॉकेट 7मध्ये बसत असे. ग्राहकाला नवा बोर्ड घ्यावा लागत नव्हता, नवे सॉफ्टवेअर लिहावे लागत नव्हते, कारखान्यांना नवी मांडणी करावी लागत नव्हती. पाठीवरचे विंडोजचे चिन्ह हेच सांगत होते की तुमचे काम याच्यावर जसेच्या तसे चालेल. त्याच वर्षी इंटेलने पेन्टियम 2 आणला आणि त्यासाठी सॉकेट सोडून नवीच खाच काढली. एएमडीने मात्र जुने सॉकेट धरून ठेवले, आणि स्वस्त कॉम्प्युटर बांधणाऱ्या असंख्य लोकांना तेच हवे होते.

बलाढ्य प्रतिस्पर्ध्यासमोर उभे राहण्याची रीत के6ने अशी दाखवून दिली. आधी बसायला जागा हवी. वेगाचा हिशेब त्यानंतर.

घर आपले, चूल उसनी

सी-डॅकची गोष्ट 1988पासून सुरू होते. अमेरिकेने अव्वल दर्जाचा क्रे महासंगणक भारताला द्यायला नकार दिला होता. हवामानाच्या कामासाठी त्याची लहान आवृत्ती तेवढी मिळाली. तेव्हा डॉ. विजय भटकर यांच्या नेतृत्वाखाली पुण्यात काम सुरू झाले आणि 1991मध्ये परम 8000 उभा राहिला. एकाच अजस्र प्रोसेसरऐवजी अनेक छोटे प्रोसेसर एकमेकांना जोडायचे आणि काम वाटून द्यायचे, ही त्यामागची कल्पना. ती यशस्वी झाली. मराठी माणसाने या यंत्राचा अभिमान बाळगला आणि तो रास्तच होता.

पण त्या यंत्राच्या आतले प्रोसेसर ब्रिटनच्या इनमॉस कंपनीचे होते. टी800 ट्रान्सप्युटर. इनमॉसची पुढची चिप रखडली आणि ट्रान्सप्युटरचा वंशच खुंटला. मग सी-डॅकने इंटेलचा आय860 घेतला, 1994च्या परम 9000मध्ये सनचा स्पार्क घेतला, त्यानंतर आयबीएमचा पॉवर4 आणि 2008च्या परम युवामध्ये इंटेलचा झिऑन. दर वेळी नव्या पाहुण्याच्या सवयी शिकायच्या, सॉफ्टवेअर पुन्हा बेतायचे आणि त्याच्या कंपनीचे नशीब फिरले की आपणही फिरायचे.

यातला एक मुक्काम इथलाच, बंगळुरूचा आहे. शिवाजीनगरातून पूर्वेला हलसूर ओलांडले की जुना मद्रास रस्ता लागतो. त्या रस्त्यावर बैय्यप्पनहळ्ळीला सी-डॅकचे नॉलेज पार्क आहे. परम पद्म तिथेच बसवला होता. जून 2003च्या महासंगणकांच्या जागतिक यादीत त्याने 171वा क्रमांक मिळवला. यंत्र आपले, जोडणी आपली, पण गणित करणारे प्रोसेसर आयबीएमचे. शहराच्या दुसऱ्या बाजूला भारतीय विज्ञान संस्थेत 2022मध्ये परम प्रवेग आला, 3.3 पेटाफ्लॉपचा (पेटाफ्लॉप हे सेकंदाला किती गणिते होतात ते मोजायचे माप). त्यात इंटेलचे प्रोसेसर आणि एनव्हिडियाची कार्डे आहेत. औमची गरज कुठून निर्माण झाली हे या मालिकेतून कळते. तीस-पस्तीस वर्षे आपण उसन्या चुलीवर चांगला स्वयंपाक केला, आता चूल घालायची वेळ आली आहे.

कागदावरचा औम

औममध्ये 96 कोअर, म्हणजे गणित करणारे गाभे आहेत, प्रत्येकी 48 कोअरच्या दोन तुकड्यांत विभागलेले. कोअरचा आराखडा आर्म या कंपनीचा, निओव्हर्स व्ही1. जून 2024मध्ये सी-डॅकने हैदराबादची मॉसचिप आणि जपानची सोशियोनेक्स्ट यांना डिझाइनच्या कामात सोबत घेतल्याचे जाहीर केले. चिप छापायची आहे तैवानच्या टीएसएमसीमध्ये, 5 नॅनोमीटर तंत्राने.

त्याची ताकद आपण स्वतः मोजू शकतो. व्ही1चा एक कोअर घड्याळाच्या एका ठोक्यात 16 दशांश-गणिते करतो. औमचा ठरवलेला वेग 3 गिगाहर्ट्झ, म्हणजे सेकंदाला 3 अब्ज ठोके. 96 गुणिले 16 गुणिले 3 अब्ज. उत्तर येते सुमारे 4.6 टेराफ्लॉप, म्हणजे सेकंदाला 4.6 लाख कोटी गणिते.

आता हीच फूटपट्टी प्रतिस्पर्ध्याला लावू. एएमडीचा 96 कोअरचा एपिक नोव्हेंबर 2022मध्ये आला, तोही 5 नॅनोमीटरचा. त्याचा मूळ वेग 2.4 गिगाहर्ट्झ धरला तर उत्तर 3.7 टेराफ्लॉपच्या आसपास येते. या सामन्यात औम जिंकतो. पण ऑक्टोबर 2024मध्ये एएमडीने पुढची पिढी आणली. 128 कोअर, आणि प्रत्येक कोअर एका ठोक्यात दुप्पट गणिते करणारा. तोच हिशेब तिथे 11 टेराफ्लॉपपर्यंत जातो. आर्मच्या घरातही व्ही1 आता जुना झाला. अ‍ॅमेझॉनने तो आपल्या ग्रॅव्हिटॉन 3मध्ये वापरला आणि पुढच्या चिपसाठी ती कंपनी व्ही2कडे वळली. म्हणजे कागदावर औम 2022च्या उत्तम प्रोसेसरांच्या पंगतीतला आहे, आणि त्याच्या आगमनाला होणारा प्रत्येक वर्षाचा उशीर त्याला त्या पंगतीत एक पान मागे सरकवतो. हे स्पष्ट बोलायला हवे. कौतुकाच्या भरात ते झाकून ठेवणे औमवर काम करणाऱ्यांच्याही हिताचे नाही.

तरीही टेराफ्लॉपवर सगळे ठरत नाही. हवामानाचे प्रारूप चालवणाऱ्या कुणालाही विचारा. पंगतीला 96 पाने मांडली आणि वाढपी आठच असले, तर जेवणारे कितीही झपाटा मारोत, हात रिकामेच राहतात. प्रोसेसरचेही तसेच होते. कोअर गणित करून मोकळे होतात आणि मेमरीतून पुढचे आकडे येण्याची वाट पाहत बसतात. औममध्ये नेहमीच्या डीडीआर5 मेमरीखेरीज एचबीएम3 ही थरांवर थर रचलेली मेमरी प्रोसेसरच्या अगदी शेजारी ठेवायची योजना आहे. वाढपी वाढतात आणि स्वयंपाकघर पंगतीला चिकटते. एएमडीच्या त्या एपिकांत ही सोय नाही. वारा, पाऊस, समुद्र, भूकंपाच्या लहरी यांची गणिते मेमरीवर अडतात, आणि औमला आपले बळ दाखवायची संधी नेमकी तिथे आहे.

जपानने जागा आधी राखली

चिप कुणासाठी हे आधी ठरवले तर काय होते, ते जपानने दाखवले. फुजित्सूचा ए64एफएक्स हाही आर्मच्याच घराण्यातला, 48 कोअरचा आणि एचबीएम मेमरीचा. बाजारात इंटेलशी झुंजण्यासाठी तो बनलाच नाही. रिकेन या सरकारी संशोधन संस्थेच्या फुगाकू महासंगणकासाठी तो बनला. संस्थेतले शास्त्रज्ञ आणि कंपनीचे अभियंते वर्षानुवर्षे एकत्र बसले, कोणती सॉफ्टवेअरे चालायला हवीत हे त्यांनी आधी ठरवले आणि त्याप्रमाणे चिप घडवली. जून 2020मध्ये फुगाकू जगात पहिला आला आणि जवळजवळ दोन वर्षे पहिलाच राहिला. युरोपची सायपर्ल कंपनीही औमसारखाच व्ही1 घेऊन 80 कोअरचा ऱ्हीया बनवते आहे. त्यालाही उशीर झाला, पण युरोपच्या महासंगणकांत त्याची जागा आधीपासून ठरलेली असल्यामुळे तो टिकून राहिला.

सॉफ्टवेअरच्या बाबतीत काळ औमच्या बाजूने आहे. परम 8000च्या वेळी ट्रान्सप्युटरसाठी जवळजवळ सगळेच नव्याने लिहावे लागले होते. आज आर्मवर लिनक्स सुखाने चालते, कंपायलर तयार आहेत, गणिताच्या सॉफ्टवेअर-लायब्रऱ्या तयार आहेत. के6ला विंडोजने जो आधार दिला, तो औमला लिनक्स देईल. सॉकेटचा अर्धा भाग जगाने बांधून ठेवला आहे. उरलेला अर्धा म्हणजे ग्राहक, आणि तो आपणच बांधायचा आहे.

चिप आखणारी माणसे तर बंगळुरूत आहेतच. शिवाजीनगरातून चालत निघालात तर वीस-पंचवीस मिनिटांत मिलर्स रोड येतो. 1985 साली टेक्सास इन्स्ट्रुमेंट्सने भारतातले आपले काम तिथूनच सुरू केले, आणि तिची उपग्रह-थाळी बैलगाडीतून नेल्याची आठवण शहर अजून सांगते. इंटेलचा सहा कोअरचा झिऑन, डनिंग्टन, 2008मध्ये आला तो बंगळुरूच्याच अभियंत्यांनी आखलेला. एएमडीने नोव्हेंबर 2023मध्ये आपले जगातले सर्वांत मोठे डिझाइन केंद्र इथेच उघडले. या शहरात चहाच्या टपरीवर "टेपआउट कधी?" हा प्रश्न पावसाच्या चौकशीइतका सहज विचारला जातो. टेपआउट म्हणजे आराखडा कारखान्याच्या हवाली करण्याचा दिवस. त्याआधीच्या रात्री व्हेरिफिकेशनमध्ये जागवलेल्या किती तरी मराठी मुला-मुलींना मी ओळखतो. आपल्या हातची चिप जगभर चालते याचा त्यांना आनंद आहे. पण त्या चिपने कोणती गणिते करावीत, कुणाला द्यावी, कधी बंद करावी, हे ठरवणारी खोली इथे नसते.

पेरणीच्या दिवसांत

पुण्यात पाषाणला भारतीय उष्णदेशीय मौसम विज्ञान संस्थेत अर्क नावाचा महासंगणक आहे, 11.77 पेटाफ्लॉपचा, सप्टेंबर 2024पासून देशसेवेत. त्याच्या बळावर मे 2025मध्ये भारताची 6 किलोमीटरच्या चौकटीची हवामान-प्रणाली सुरू झाली. आधी ती चौकट 12 किलोमीटरची होती. चौकट बारीक झाली की आपल्या तालुक्यावरचा ढग शेजारच्या तालुक्याच्या हिशेबात विरघळून जात नाही. पेरणी करायची की आठवडाभर थांबायचे, या निर्णयाशी त्याचा थेट संबंध आहे. अर्कातले प्रोसेसर एएमडीचे आहेत, उत्तम आहेत, आणि आज तेच घेणे योग्य होते.

माझे म्हणणे पुढच्या यंत्राबद्दल आहे. अर्काच्या वारसाची निविदा लिहिताना त्यातली काही कपाटे औमसाठी राखून ठेवावीत. औम त्या दिवशी जगातला सर्वांत वेगवान नसला तरीही. शास्त्रज्ञांनी आपले प्रारूप आतापासून आर्मवर चालवून पाहावे, जे अडेल ते औमच्या चमूला सांगावे, आणि दुसऱ्या पिढीचा निधी पहिली चिप हातात येण्याआधीच मंजूर व्हावा. एकच चिप काढून थांबलेला देश आणि एकही न काढलेला देश पाच वर्षांनी एकाच ठिकाणी उभे असतात. औमचा कोअर परवान्यावर घेतलेला आहे, छपाई तैवानची आहे, हे खरेच. पण किती कोअर, कोणती मेमरी, कोणत्या कामासाठी, हे महासंगणकाच्या प्रोसेसरसाठी ठरवणारी खोली प्रथमच आपली आहे. त्या खोलीतला दिवा विझता कामा नये.

बोर्डाचा प्रश्न सी-डॅकने अर्धा सोडवला आहे. रुद्र हा तिचा स्वतःचा सर्व्हर. सप्टेंबर 2024मध्ये पुणे, दिल्ली आणि कोलकात्याला त्याच्यावर उभारलेले परम रुद्र महासंगणक सुरू झाले. सध्या त्यात इंटेलचा झिऑन बसतो. घर बांधून झाले आहे आणि मुख्य खोलीत पाहुणा आहे.

पुन्हा शिवाजीनगरला गेलो तेव्हा चाचांना औमबद्दल सांगितले. त्यांनी मान हलवली आणि के6 पुन्हा त्या डब्यात ठेवला. तो तिथे का आहे, ते मला तेव्हा उमगले. कुणाच्या तरी दुकानात, शाळेत, दवाखान्यात तो वर्षानुवर्षे राबला, हिशेब करून थकला आणि मग निवृत्त होऊन इथे आला. औमसाठी मी याहून मोठे काही मागत नाही. संग्रहालयात काचेखाली, स्वदेशी म्हणून, धूळही न लागता तो राहू नये. वीस-पंचवीस पावसाळ्यांचे अंदाज करून झाल्यावर तो अशाच एखाद्या गल्लीतल्या पत्र्याच्या डब्यात सापडावा, आणि कुणा चाचांनी तो उचलून सांगावे की हा कोणत्या बोर्डात बसायचा.