भीती जनुकांपर्यंत पोहोचते तेव्हा

१७ मार्च २०२५ च्या रात्री नागपूरच्या महालात, चिटणीस पार्कच्या परिसरात, दगडफेक आणि जाळपोळ झाली. संचारबंदी लागली, ती शहरातून पूर्णपणे उठायला २३ मार्च उजाडला. पुढे दुकानं उघडली, बडकस चौकात गर्दी परतली. पण त्या रात्री दाराला कडी लावून आत बसलेल्यांच्या शरीरात जे घडलं असेल, ते समजून घेताना मी अजूनही थक्क होतो.

दगडाचा आवाज येताच छातीत धडधडतं, ते अ‍ॅड्रेनालिनमुळे. ते काम काही सेकंदांचं. त्याच्यामागून सावकाश येतं ते कॉर्टिसॉल. मेंदूच्या तळाशी असलेला हायपोथॅलॅमस पियुषिका ग्रंथीला इशारा देतो, तिचं संप्रेरक रक्तातून मूत्रपिंडांच्या माथ्यावरच्या अधिवृक्क ग्रंथींपर्यंत जातं आणि त्या कॉर्टिसॉल सोडतात. अर्ध्या तासाच्या आत त्याची पातळी शिगेला पोहोचते.

अ‍ॅड्रेनालिनसारखी संप्रेरकं पेशीच्या दारावरच निरोप देऊन थांबतात. कॉर्टिसॉल मात्र स्निग्ध पदार्थात विरघळणारं, त्यामुळे ते पेशीचं आवरण सहज ओलांडतं. आत त्याची वाट पाहत एक ग्राही प्रथिन बसलेलं असतं. दोघांची गाठ पडली की ती जोडी केंद्रकात शिरते आणि डीएनएवरच्या ठरावीक जागी जाऊन बसते. तिथली काही जनुकं जोमाने कामाला लागतात, काही मंदावतात. माणसाच्या बहुतेक पेशींच्या केंद्रकात सुमारे दोन मीटर लांबीचा डीएनए गुंडाळलेला असतो, त्यात प्रथिनं घडवणारी जवळपास वीस हजार जनुकं; आणि गल्लीतला एक आवाज त्यांतल्या नेमक्या जनुकांपर्यंत पोहोचतो!

यातलं एफकेबीपी५ हे जनुक मला सर्वांत विलक्षण वाटतं. कॉर्टिसॉलच ते जागं करतं, आणि त्यापासून बनणारं प्रथिन त्याच ग्राहीची कॉर्टिसॉल पकडण्याची ताकद कमी करतं. ताणाला आवर घालण्याची सोय ताणाच्याच हुकमाने तयार होते. एका रात्रीच्या भीतीतून बहुतेक माणसं सावरतात, त्यामागे अशा अनेक व्यवस्था असतात.

ताण लांबला, किंवा फार कोवळ्या वयात आला, तर? याचा एक सुंदर शोध महाराष्ट्रातच लागला. मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत विदिता वैद्य यांच्या गटाने, तेव्हा पुण्याच्या आयसरमध्ये असलेले संजीव गलांडे आणि अन्य सहकाऱ्यांसोबत, उंदरांवर केलेलं काम २०१३ मध्ये प्रसिद्ध झालं. जन्मानंतरच्या पहिल्या दोन आठवड्यांत पिल्लांना रोज काही तास आईपासून दूर ठेवलं होतं. हीच पिल्लं तारुण्यात, ताणाखालच्या स्मरणचाचण्यांत, इतरांपेक्षा सरस ठरली! स्मृतीशी निगडित हिप्पोकॅम्पसमध्ये नव्या चेतापेशी जास्त बनत होत्या, आणि चेतापेशींना पोसणारं बीडीएनएफ हे प्रथिनही वाढलेलं होतं. मध्यम वयात मात्र सगळं उलटलं. स्मरण घसरलं, नव्या पेशी घटल्या, बीडीएनएफही घटलं. बीडीएनएफच्या जनुकाच्या परिसरातल्या हिस्टोन प्रथिनांवर, म्हणजे डीएनए ज्यांच्याभोवती गुंडाळलेला असतो त्यांच्यावर, रासायनिक खुणा बदललेल्या सापडल्या. जनुकाचा मजकूर तसाच होता. तो किती वाचला जावा, हे बदललं होतं.

या शोधाचा आणखी एक भाग फारसा सांगितला जात नाही, आणि मला तोच सर्वांत मोलाचा वाटतो. नैराश्यावरचं औषध मिळालेल्या उंदरांमध्ये ही घसरण दिसली नाही. कोवळ्या वयातली खूण म्हणजे कपाळावर कोरलेलं विधिलिखित नव्हे. उंदीर म्हणजे माणूस नव्हे, हे खरंच. पण कॉर्टिसॉलचा ग्राही आणि बीडीएनएफ दोघांकडेही आहेत.

म्हणून महालातल्या, आणि अशी रात्र पाहिलेल्या कुठल्याही मोहल्ल्यातल्या, आईबाबांना आणि आजीआजोबांना माझी कळकळीची विनंती आहे. गडबड शमल्यावर पोरगं आवाजाला दचकत असेल, रात्री उठून बसत असेल, तर ‘होईल आपोआप बरं’ म्हणून महिने घालवू नका. त्याला जवळ घ्या, बोलतं करा, आणि तरीही त्रास थांबत नसेल तर सरकारी मेडिकल कॉलेजच्या रुग्णालयातल्या मानसोपचार विभागात दाखवा. तिथवर जाणं जमत नसेल, तर ‘टेलि-मानस’ या सरकारी सेवेचा १४४१६ हा क्रमांक दिवसरात्र सुरू असतो.