वाचाघाताची चाचणी कोणत्या भाषेत?

मेंदूच्या, बहुधा डाव्या भागाचा रक्तपुरवठा खंडित झाल्यास बोलणे, समजणे, वाचणे, लिहिणे बिघडते. यास वाचाघात म्हणतात. बुद्धी गेली असे घरच्यांना वाटते. पुष्कळदा रुग्णाला केवळ शब्द सापडत नसतो.

वाचा-भाषा चिकित्सक चित्रांची नावे विचारतो, वाक्ये पुन्हा म्हणवून घेतो आणि गुण देतो. संशोधनात उपचारापूर्वीचे व नंतरचे हेच गुण ताडून पाहिले जातात. आदिलाबादेत तेलुगू, उर्दू, मराठी, गोंडी, कोलामी नांदतात. घरात उर्दू, बाजारात मराठी, कचेरीपुरती तेलुगू बोलणाऱ्याची चाचणी केवळ तेलुगूत घेतली, तर आजार आहे त्याहून भारी दिसेल.

नुसत्या भाषांतरानेही भागत नाही. मराठीत ‘पुस्तक’ नपुंसकलिंगी, उर्दूत ‘किताब’ स्त्रीलिंगी. शिवाय दोन भाषा मिसळून बोलणे हा सीमाभागातला जुना रिवाज; ते आजाराचे लक्षण नव्हे. रुग्ण पूर्वी कसा बोलत असे, हे नातेवाइकांना विचारावेच लागते.

हैदराबादच्या निझाम्स इन्स्टिट्यूटमधील सुवर्णा अल्लादी व सहकाऱ्यांनी पक्षाघाताच्या ६०८ रुग्णांचा अभ्यास २०१६ साली प्रसिद्ध केला. आकलनशक्ती शाबूत राहिलेले द्विभाषकांत ४०.५ टक्के, एकभाषकांत १९.६ टक्के निघाले. वाचाघाताचे प्रमाण मात्र दोन्ही गटांत जवळपास सारखेच होते.

अशा रुग्णाच्या भाषा कधी एकत्र परततात, कधी एकच आधी परतते. म्हणून प्रत्येक भाषा वेगळी तपासावी लागते, आणि उर्दू शाळेत शिकलेल्याला वाचनासाठी उर्दू लिपीतलाच मजकूर द्यावा लागतो.